कातकामासाठी पट्टा करवत : निवड आणि सुधारणा

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आंब्याला खत केव्हा घालावे, भातात तण किती राहिले तर किती उत्पादन घटते, हे सांगणारा माणूस आज करवतीविषयी का बोलतो, असे आपणांस वाटले असेल. कारण सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते आले. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत किती बागांत झाडे आडवी झाली, ते आपण पाहिले आहे. पन्नास-साठ वर्षांच्या आंब्याचे, फणसाचे खोड बहुतेकांनी सरपणाच्या भावाने दिले. वादळाचे सोडा. जुन्या, दाटलेल्या हापूसच्या बागांचे पुनरुज्जीवन करा, असे आम्हीच आपणांस सांगतो. त्यातही सहा ते बारा इंच जाडीच्या फांद्या निघतात आणि त्याही चुलीतच जातात.

याच लाकडातून कातकाम होते. लेथवर फिरवून केलेले लाटणे, रवी, वाडगा, पाट-चौरंगाचे पाय, खेळणी हे सारे कातकामच. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी मिळतात, ती आपण घेतलीही असतील. गेल्या काही वर्षांत बागायतदारांची मुले घरच्या पडवीत लेथ बसवू लागली आहेत. लेथ बसला की दोन-चार महिन्यांत दुसरी मागणी येते, ती करवतीची. हाताच्या करवतीने ओंडका चिरताना दिवस जातो आणि लेथ बसून राहतो. मग बाजारात जाऊन बँडसॉ, म्हणजे पट्टा करवत, विकत घेतली जाते. इथेच पैसे बुडतात, आणि कधी कधी हातही जायबंदी होतो. म्हणून हा विषय घेतला.

पट्टा करवतीची रचना अवघड नाही. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारे पोलादी पात्याचे कडे, मध्ये टेबल. खालच्या चाकाला मोटर जोडलेली असते. वरचे चाक स्क्रूने वर-खाली होते, त्याने पात्याला ताण बसतो. टेबलाच्या वर आणि खाली पाते सरळ धरणारे गाईड असतात. पाते सतत खालच्या दिशेने जाते, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते. गोल करवतीसारखे ते अंगावर फेकले जात नाही. कातकामाला ही करवत सोयीची, याचे एक कारण हे. दुसरे कारण असे की हिने गोल कापता येते आणि कापात लाकूड कमी वाया जाते.

दुकानदार करवत विकतो ती चाकाच्या मापाने. बारा इंची, चौदा इंची, अठरा इंची, चोवीस इंची. चाकाचा व्यास जेवढा, साधारण तेवढेच पात्यापासून खांबापर्यंतचे अंतर. पण कातारी माणसाला हे माप दुय्यम आहे. त्याने आधी विचारावे की टेबलापासून वरच्या गाईडपर्यंत किती उंचीचे लाकूड आत जाते. चौदा इंची साध्या करवतीत ही उंची बहुधा सहा इंचच असते. गिऱ्हाईक चौदा इंच ऐकते आणि चौदा इंचाचा ओंडका चिरता येईल असे समजून घरी येते. हा गैरसमज मी स्वतः दोनदा पाहिला आहे.

आता असे वाटेल की उंची कमी म्हणून मोठी करवत घ्यावी. थोडे थांबा. आठ इंच व्यासाचा वाडगा करायचा आहे असे धरा. त्यासाठी नऊ-दहा इंच जाडीचा ओंडका नऊ-दहा इंच लांबीचा कापून घ्यायचा आणि गाभ्यातून उभा दोन फाकांत करायचा. प्रत्येक फाक चार-साडेचार इंच उंच भरते. ती सपाट बाजू खाली ठेवून टेबलावर गोल कापायची. म्हणजे गोल कापताना साडेचार इंच उंचीच लागली. पूर्ण दहा इंच उंची लागते ती फक्त पहिल्या उभ्या चिरण्याला. ते काम पाचर आणि घणाने होते, किंवा झाड तोडायला जी चेनसॉ आणता तिनेच तिथल्या तिथे होते. एवढे एक काम करवतीच्या बाहेर नेले, तर सहा इंच उंचीची चौदा इंची करवत दहा इंचापर्यंतच्या वाडग्यांना पुरते. लाटणे, रवी, खेळणी यांना तर हवी त्याहून जास्तच आहे. त्यामुळे घरगुती कातकामाला चौदा इंची, दीड अश्वशक्तीची करवत ही माझी पहिली शिफारस. एक अश्वशक्तीवर सुक्या लाकडाचे काम होते. पण आपले लाकूड ओले असते, आणि ओले लाकूड मोटरला फार ओढते.

आता माझ्या चुलतभावाची हकिकत सांगतो. सांगायला त्याची हरकत नाही.

त्याने तौक्तेनंतर पडलेल्या आंब्यांवर कातकाम सुरू केले आणि एका शहरातल्या दुकानातून चौदा इंची करवत आणली. दुकानात तिने सागाची सुकी एक इंची फळी लोण्यासारखी कापून दाखवली होती. घरी ओल्या आंब्याची पाच इंची फाक लावली, तर पाते अर्ध्यावर अडकले, पट्टा घसरू लागला, मोटरला जळका वास आला. जो काप पूर्ण झाला तो पोटात फुगलेला. वर सरळ, खाली सरळ, मध्ये बाहेर गेलेला. त्याने महिनाभर झगडून ठरवले की यंत्रच कमी पडते. सोसायटीचे कर्ज काढून चोवीस इंची घ्यायची, असा बेत झाला. कोटेशनही आले होते.

मी जाऊन पाहिले तेव्हा पात्यावर इंचाला दहा दात होते. यंत्राबरोबर जे पाते फुकट येते, ते बहुधा असेच असते. दोन दातांमधल्या खाचेत भुसा साठून बाहेर जायचा असतो. दात बारीक म्हणजे खाच लहान. ओल्या लाकडाचा चिकट भुसा लाकडात शिरताच खाच भरून टाकतो. पुढचे दात मग कापत नाहीत, नुसते घासतात. पाते तापते, ताण सुटतो, पाते पोटात वाकते, आणि काप फुगतो. आम्ही चार सूत रुंदीचे, इंचाला तीन दात असलेले, दात डावी-उजवीकडे जरा जास्त फाकवलेले पाते मागवले. मोटर तीच, चाके तीच. तीच फाक दीड मिनिटात दोन भाग होऊन पडली. कोटेशन अजून त्याच्या पेटीत आहे.

म्हणून करवतीत सुधारणा करायची तर सुरुवात पात्यापासून करा. ओल्या लाकडाला इंचाला तीन दात. गोल कापण्यासाठी पात्याची रुंदी पाहावी लागते. दोन सुती पाते अगदी लहान गोलाईत वळते. तीन सुती पाते साधारण दीड इंच त्रिज्येपर्यंत आणि चार सुती अडीच इंच त्रिज्येपर्यंत वळते. सहा सुती पाते सरळ चिरायला उत्तम, पण साडेपाच इंच त्रिज्येच्या आत ते वळत नाही. जबरदस्तीने वळवले तर पिळते आणि तुटते. वाडग्यांचे काम करणाऱ्याने तीन आणि चार सुती पाती ठेवावीत. सहा सुती पात्याच्या नादी लागू नये. चौदा इंची यंत्र त्याला नीट ताणही देऊ शकत नाही.

पात्याच्या जाडीकडे कुणी बघत नाही. जुना हिशेब असा आहे की चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी पात्याची जाडी असावी. बाजारात याहून जाड पाती सर्रास मिळतात आणि चालतातही. पण जाड पाते लहान चाकावर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि सांध्याजवळ लवकर तुटते. पाते वारंवार सांध्यावरच तुटत असेल तर वेल्डिंग करणाऱ्याला दोष देण्यापूर्वी जाडी मोजा.

पाते मागवताना लांबी सांगावी लागते. दोन चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर दुप्पट करा आणि त्यात चाकाचा परीघ मिळवा. चौदा इंची चाकाचा परीघ ४४ इंच. मध्यबिंदूंतले अंतर पावणेपंचवीस इंच असेल तर दुप्पट साडेएकोणपन्नास, आणि एकूण साडेत्र्याण्णव इंच. मोजताना ताणाचा स्क्रू मध्यावर ठेवा, म्हणजे पाते किंचित लहान-मोठे आले तरी बसते.

पाते बोथट होते ते लाकडामुळे कमी आणि सालीतल्या मातीमुळे जास्त. ओढत आणलेल्या ओंडक्याची साल तारेच्या ब्रशने झाडून घ्या किंवा काढूनच टाका. बांधावरच्या झाडात काटेरी तार गिळलेली असते, बागेतल्या झाडात पाटीसाठी ठोकलेला खिळा असतो. लाकडात निळा-काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असे समजून थांबा. फणसाचा चीक पात्याला चिकटतो, तो रॉकेलच्या किंवा डिझेलच्या फडक्याने यंत्र बंद करून पुसावा. माडाचे लाकूड बाहेरच्या भागात इतके कठीण असते की त्याच्यासाठी वेगळे जुने पाते राखून ठेवलेले बरे.

पात्यानंतर चाकावरचे रबर. ते कडक झाले, त्याला चिरा पडल्या किंवा त्यावर भुशाचा थर बसला की पाते मागे-पुढे नाचते. खालच्या चाकाला टेकेल असा एक कडक ब्रश लावून ठेवला तर थर बसतच नाही. हा खर्च नगण्य आहे आणि तरी दहातल्या नऊ यंत्रांना तो नसतो.

गाईडची जुळणी एका कागदाच्या जाडीवर करायची. पाते आणि बाजूचा गाईड यांत कागद जेमतेम सरकावा. मागच्या बेअरिंगपासूनही तेवढेच अंतर. यंत्र रिकामे फिरताना पाते मागच्या बेअरिंगला लागता कामा नये. लाकूड दाबले की मगच लागावे. बाजूचे गाईड दातांच्या खाचेच्या मागे राहिले पाहिजेत, नाहीतर दातांची फाक पहिल्याच दिवशी सपाट होते. लोखंडी गाईड झिजले असतील तर कठीण लाकडाचे तुकडे तेलात भिजवून बसवा. ते पात्याला इजा करत नाहीत आणि झिजले की घरीच नवे करता येतात. ताण बघायचा तर यंत्र बंद ठेवून वरचा गाईड टेबलापासून सहा इंच वर न्या आणि पात्याला बोटाने बाजूने दाबा. पाव इंचाहून जास्त सरकले तर ताण कमी आहे. काम संपले की ताण सैल करून ठेवा.

यानंतर मोटर आणि पुली. लाकडाला पात्याची गती मिनिटाला तीन हजार फुटांच्या आसपास असावी. आपली साधी मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिच्यावर चार इंची पुली आणि चाकाच्या दांड्यावर सात इंची पुली लावली तर चाक ८२३ फेरे घेते. चौदा इंची चाकाचा परीघ ४४ इंच, म्हणून गती साधारण ३,०१५ फूट. जुन्या यंत्रावर कुणीतरी हाताला लागेल ती पुली बसवलेली असते. दहा मिनिटांचा हा हिशेब करा. पात्याची गती निम्मी निघाली तर पुली बदलणे हीच सुधारणा.

विजेचे बघा. वाडी लाईनच्या टोकाला असेल तर संध्याकाळी दाब पडतो आणि सिंगल फेज मोटर भाराखाली उठत नाही, तापते. दिवसातून तीन-चार वेळा व्होल्टेज मोजून मगच मोटर ठरवा. करवतीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. शेतीपंपाच्या जोडणीवर करवत लावण्याचा मोह होतो, कारण तिथे थ्री फेज असते. ते करू नका. मंजूर कारणाखेरीज वीज वापरणे हा वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी येते ती करवतीच्या किमतीला भारी पडते.

सगळ्यात शेवटी उंची वाढवणे. काही चौदा इंची यंत्रांचा खांब दोन भागांत असतो, त्यात सहा इंचाचा ओतीव ठोकळा बसवून उंची बारा इंच करता येते. पाते मग साडेत्र्याण्णवऐवजी साधारण १०५ इंचांचे लागते, आणि जुनी सगळी पाती बाद होतात. बारा इंच ओले लाकूड कापायला दोन अश्वशक्ती तरी पाहिजे. शिवाय उंच झालेला खांब ताण दिल्यावर लवतो. माझ्या भावाने हाही प्रयोग केला. यंत्र चालते, पण त्या उंचीवर तो वर्षातून पाच-सहा वेळाच काम करतो. मला विचाराल तर तो खर्च फुकट गेला. ज्याला रोज मोठे ओंडके चिरायचे आहेत, त्याने खरोखरच अठरा किंवा चोवीस इंची घ्यावी. मात्र खोली, फरशी, थ्री फेज जोडणी या सगळ्यांसह हिशेब मांडून घ्यावी.

जुने यंत्र घेण्यात गैर काही नाही. बंद पडलेल्या सुतारकामाच्या कारखान्यातून ओतीव लोखंडाची भक्कम यंत्रे मिळतात, नव्या पत्र्याच्या यंत्रांपेक्षा कितीतरी सरस. पाहायला जाल तेव्हा पाते उतरवायला सांगा आणि चाके हाताने फिरवा. बेअरिंग खरखरते का, चाक डुलते का ते कळते. चाकाच्या आऱ्यांच्या मुळाशी फडक्याने तेल-भुसा पुसून बारीक तडा शोधा. तडा असेल तर किंमत कितीही कमी होवो, परत या. लांब सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या कडेला लावून ती एका रेषेत आहेत का पाहा. वरचा गाईड खाली-वर करताना तो सरळ उतरतो का पाहा. हे पुढे दुरुस्त करणे फार कटकटीचे असते. झाकणे नसलेले यंत्र असेल तर झाकणे करून घेण्याचा खर्च किमतीत धरा.

यंत्र ठरवण्याआधी एक फेरी वन खात्याच्या कार्यालयात मारा. लाकूड चिरणाऱ्या यंत्रांवर सरकारचे नियंत्रण आहे, आणि लाकडावर आधारित उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. लाकूड स्वतःच्या बागेतले आहे म्हणून परवानगी लागणार नाही, असे गृहीत धरू नका. चाकाचे माप, अश्वशक्ती आणि लाकूड कुठले ते लिहून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर घ्या. झाड तोडण्याचेही तसेच. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग आणि खैराबरोबर आंबा, फणस, चिंच हीही झाडे आहेत.

लाकडाविषयी थोडे. आंब्याचे लाकूड पाडल्यावर पडून राहिले तर पावसाळी हवेत पंधरा दिवसांत बुरशीने डागळते आणि भुंगा लागतो. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासून सावलीत ठेवा आणि शक्य तितक्या लवकर फाका करा. गाभ्याचा इंचभर भाग काढून टाका, भेगा तिथूनच सुरू होतात. वाडगा ओला असतानाच जाडसर कातून ठेवावा. जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी राखावी आणि काही महिन्यांनी वाळल्यावर पुन्हा लेथवर घ्यावा.

आता हातांविषयी. वर भावाची हकिकत सांगितली, ती पुरी सांगितली नव्हती. पाते बदलल्यावर काप इतका झरझर होऊ लागला की एके दिवशी आम्ही पाच इंची गोल फांदी, फाक न करता, तशीच टेबलावर आडवी ठेवून तिचे तुकडे पाडू लागलो. मी पलीकडचे टोक धरले होते. गोल लाकूड टेबलाला एका रेषेवरच टेकते. पात्याने ते खाली खेचले, ते गर्रकन फिरले आणि त्याच्या हाताला बरोबर घेऊन गेले. डाव्या अंगठ्याचा शेंडा गेला. पात्याला पीळ पडून तेही तुटले. पट्टा करवत लाकूड फेकत नाही, हे मीच त्याला दहा वेळा सांगितले होते. ते खोटे नव्हते, पण ते सपाट लाकडाविषयी होते, आणि पलीकडचे टोक धरून मी उभा होतो.

त्यानंतर त्याने जाड प्लायवूडची एक घोडी केली. खाली सपाट तळ, वर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. फांदी त्या खाचेत बसवायची, दोन्ही बाजूंना पाचरी ठोकायच्या किंवा लांब स्क्रूने आवळायची आणि घोडीच पुढे ढकलायची. लांब फांदी उभी चिरायची असेल तर तीच घोडी लांब करून बाजूला आधारपट्टी लावायची. अर्ध्या दिवसाचे काम आहे. वाडग्याची फाकसुद्धा सपाट बाजू खालीच ठेवून कापायची, सालीची बाजू खाली कधीही नाही. वरचा गाईड लाकडाच्या वर अर्धा इंचच ठेवायचा, म्हणजे उघडे पाते तेवढेच राहते. हात पात्याच्या रेषेत न ठेवता दोन्ही बाजूंना ठेवायचे. काप संपत आला की जोर कमी करून शेवटचा भाग लाकडी ढकलकाठीने पुढे सारायचा. हातमोजे घालू नयेत, कारण दात कापड ओढून घेतात. पाते तुटले तर धडाक्याचा आवाज होतो. तेव्हा झाकण न उघडता बटण बंद करायचे आणि चाके पूर्ण थांबेपर्यंत मागे उभे राहायचे. वरचे चाक मोटर बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहते.

भावाने ती घोडी करवतीशेजारी भिंतीला खिळ्यावर टांगली आहे. ज्यांना तशी करायची असेल, त्यांनी आपल्या करवतीच्या टेबलाची लांबी-रुंदी आणि टेबलावरच्या खाचेची रुंदी मोजून आणावी. माप जमवून देतो.